रविवारी न उडणारी घार

१

सात नंबरची घार डीप फ्रीझरमध्ये मेलेली सापडली, तेव्हा मोबाइलवर तिचा ठिपका खाडीतून घराकडे येत होता.

मे महिन्याची बावीस तारीख, संध्याकाळचे सात. जॅकलिनचे वडील क्लेमेंट खाडीत बेपत्ता होऊन सोळा दिवस झाले होते. त्यांची लहान होडी तिवरांत अडकलेली मिळाली, ते मिळाले नाहीत. ओटीवरच्या त्यांच्या फ्रीझरला तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. त्या दिवशी जॅकलिनने मन घट्ट करून तो रिकामा करायला घेतला. बोंबलांच्या पिशव्यांखाली वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं होतं. आत घार. पांढरं डोकं, तांबूस पंख, आखडलेले पंजे आणि एका पायात धातूचं कडं, त्यावर सातचा आकडा. पाठीवरचे पट्टे कात्रीने नीट कापलेले होते. वर्तमानपत्र एकोणीस एप्रिलचं होतं.

तिने मिहिरला फोन केला. मिहिर पक्ष्यांचा अभ्यास करणारा. गेल्या हिवाळ्यात त्याने अकरा घारी पकडून त्यांच्या पाठीवर काडेपेटीएवढं एकेक यंत्र दप्तरासारखं बांधलं होतं. यंत्रावर सूर्याच्या उजेडावर चालणारी पट्टी, आणि दर दहा मिनिटांनी ते आपण कुठे आहोत ते कळवतं. मोबाइलवर अकरा रंगांचे अकरा ठिपके आणि त्यांच्यामागे रेघा. घारी पकडून दिल्या होत्या क्लेमेंटनी, कारण खाडीवरच्या घारी त्यांच्या हातातून बोंबलाचं डोकं उचलून नेत. ते नाहीसे झाल्यावर जॅकलिनने हट्टाने ते ठिपके आपल्या मोबाइलवर घालून घेतले होते.

मिहिरने तिला दोनदा विचारलं, कड्यावर सातच आहे ना? मग म्हणाला, "अगं, सात नंबर आत्ता तुझ्या घरामागे आहे. धक्क्याकडे येतोय."

जॅकलिन मागल्या दारी गेली. आकाशात काहीही नव्हतं.

२

हे सगळं मला सेराफिनाने दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर सांगितलं आणि लगेच निघून ये म्हणाली. मी नंदकिशोर प्रधान, बोरिवलीत राहतो, आणि मला पाण्याची भीती वाटते. गोराईची खाडी ओलांडायला लाँचमध्ये बसावं लागतं, तेव्हा मी डोळे मिटून बसतो. पण सेराला नाही म्हणायची सवय मला कधीच लागली नाही. अंधेरीच्या कोर्टात तीस वर्षं आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर होतो. ती स्टेनो, मी क्लार्क. साक्षीदार बोलायचे, ती टाइप करायची आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता कोण कुठे खोटं बोललं ते मला सांगायची. तिचं क्वचितच चुकलं.

खाडीपलीकडच्या गावठाणातल्या मोठ्या पाखाडीत, म्हणजे आळीत, तिचं घर आहे, आणि जॅकलिनची ती गॉडमदर. मी पोचलो तेव्हा गल्लीत मसाला कुटायचं काम चाललं होतं. भाजलेल्या मिरच्यांचा ठसका सगळीकडे, पण एरवी बायका कुटताना बडबडतात, गातात, तशा त्या बोलत नव्हत्या. सगळ्यांना घारीचं कळलं होतं. क्लेमेंटचा जीव घारीत गेलाय, ब्रिजेट नावाच्या म्हातारीने मला दारातच सांगितलं, आणि रोज तो घरी येऊन जातो.

मी हसलो असतो. पण जॅकलिनच्या मागल्या दारी कठड्यावर एका बशीत बोंबलाचं डोकं ठेवलेलं दिसलं, आणि माझं हसू विरलं. ती चाळिशीची, कांदिवलीच्या शाळेत गणित शिकवणारी बाई. गेले सोळा दिवस सात नंबरचा ठिपका रोज घरामागे येऊन थांबतो, हे ती बघत होती आणि बशी ठेवत होती. वडील सगळ्यांत लाडाने बोलायचे ते सात नंबरशी. आता ती घार सव्वा महिन्यापूर्वीच मेली होती असं कळलं.

"मग रोज येतं ते काय आहे, आंटी?" तिने सेराला विचारलं. आणि मग हळू आवाजात, "मला पप्पांना मम्मीच्या शेजारी मातीत ठेवायचंय. बाकी मला काही नको."

सेराने तिला जवळ घेतलं नाही, तशी ती बाई नाही. तिने बशी उचलली, आत नेऊन धुतली आणि म्हणाली, "शोधते."

३

मिहिर दुपारी आला. रात्रभर झोपला नसावा. सेराने त्याला एका वेळी एकच प्रश्न विचारला, कोर्टात विचारतात तसा.

घारी पूर्वी कुठे जायच्या? बहुतेक देवनारला, तो म्हणाला. कत्तलखाना आणि डम्पिंग ग्राउंड. पण मार्चपासून एकेक करून सगळ्यांच्या रेघा इकडे वळल्या. आता दहाही घारी दिवसभर खाडीच्या आतल्या एका तिवरांच्या बनावर घिरट्या घालतात. आणि सात नंबर? तो एप्रिलच्या उत्तरार्धापासून आळशी झाला होता, फक्त खाडीच्या पाण्यावरून जायचा आणि यायचा.

"उंची किती दाखवतो?"

मिहिर ओशाळला. इतर घारी शंभर-दोनशे मीटर, सात नंबर दोन-तीन. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. शिवाय काल संध्याकाळी सातला बाकीचे दहा ठिपके झाडांवर कधीच थांबले होते, फक्त सात हलत होता.

मी म्हणालो, म्हणजे कुणीतरी ते यंत्र बरोबर घेऊन फिरतंय. सेराने मान हलवली आणि मिहिरला विचारलं, क्लेमेंट कधी काही बोलले होते का.

बोलले होते, मिहिर म्हणाला. ईस्टरनंतर क्लेमेंट दर तीन-चार दिवसांनी यायचे आणि विचारायचे, सात नंबर कुठे गेला होता ते दाखव. एकदा त्यांनी विचारलं, ही रेघ कोर्टात चालेल काय? मिहिरला ती थट्टा वाटली. पाच मेला ते शेवटचे आले, रेघ पाहिली, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. दुसऱ्या संध्याकाळी ते बेपत्ता झाले.

"घार मेलेली आहे हे त्यांना माहीत होतं," सेरा म्हणाली. "पट्टे त्यांनीच कापले. यंत्र त्यांनीच कुठेतरी ठेवलं."

"कुठे?" मी विचारलं.

तिने मागल्या दाराबाहेर बोट दाखवलं. धक्क्याला तीन बोटी बांधलेल्या होत्या.

४

तीन बोटी म्हणजे तीन घरं, आणि आम्ही तिन्ही घरी गेलो.

पहिली धोंडूची. तो हिंदू कोळी, शेजारच्या कोळीवाड्यातला, बोट मात्र इथे लावतो. एप्रिलमध्ये जाळ्यावरून त्याची क्लेमेंटशी भर धक्क्यावर हमरीतुमरी झाली होती, त्यामुळे पोलीस रोज त्याला चौकीवर नेऊन बसवत. बोट त्याचा भाऊ चालवत होता. धोंडूची बायको शेवंती आमच्यावर फणकारली. नवऱ्याने क्लेमेंटला शिव्या दिल्या हे तिने कबूल केलं, आणि त्याच क्लेमेंटने तिच्या बाळंतपणात भर उधाणात होडी काढली होती हेही सांगितलं. धंदा कसा चाललाय, या सेराच्या प्रश्नावर ती म्हणाली, बोट एक दिवस बंद नाही. "रविवारी तर आमची पहिली जाते. तुमची माणसं देवळात मिस्साला असतात, खाडी मोकळी मिळते."

दुसरा वेन. पन्नाशीचा, तोंडाने फटकळ. फादरशी भांडण झाल्यापासून देवळाची पायरी चढलेला नाही, पण रविवारी बोट काढायची नाही ही आईला दिलेली शपथ मात्र पाळतो. क्लेमेंटसाठी मंगळवारी, वीस तारखेला, पाखाडीच्या क्रूसापुढे लदीन झालं. मे महिन्यात गावठाणात संध्याकाळी क्रूसापुढे जमून गाऊन प्रार्थना करतात, तेच हे. त्या दिवशीची प्रार्थना क्लेमेंट परत यावेत म्हणून होती. वेन गेला नव्हता, आणि ते त्याने लपवलंही नाही.

"गाणी म्हणून माणूस येत नाय, आंटी. मी बोट घेऊन खाडीत शोधत होतो त्या संध्याकाळी. तुमचा आवाज येत होता मला पाण्यावर."

सेरा म्हणाली, "आणि मला तुझं इंजिन ऐकू येत होतं."

तिसरा फ्लॉयड, क्लेमेंटचा पुतण्या. लहानपणी आईबाप गेले, क्लेमेंटनीच वाढवला. गावात लदीन सुरू करतो तो फ्लॉयडच. आवाज असा की रस्त्याने जाणारा माणूस थांबावा. त्याने आम्हाला चहा दिला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. अंकल गेल्यापासून कशात मन लागत नाही म्हणाला. बोटीकडे पाहिलं तरी आठवण येते, कारण नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, नवा क्रूस ईस्टरच्या दिवशी त्यांनी स्वतः बसवून दिला, फादरकडून आशीर्वाद करून घेतला. आता क्रूसापुढे रोज अगरबत्ती लावतो, पण हात लावायचं धाडस होत नाही.

मला त्याची दया आली. बाहेर पडल्यावर मी तसं म्हणालो. सेरा चालत राहिली.

"चहात साखर दोनदा घातली त्याने," ती म्हणाली. "रडणारा माणूस चुकतो. पण तो रडायच्या आधी चुकला."

५

रात्रीचं जेवण लवकर उरकून तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. येशूच्या तसबिरीशेजारी तिच्याकडे तिथींचं मराठी कॅलेंडर असतं. तिचे वडील खाडीत मासे मारायचे. भरतीची वेळ तिथीवर काढायची, हे तिला पाढ्यांसारखं येतं. तिथीची पाऊणपट केली की तास मिळतो. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, अमावस्येला आणि पुनवेला अकराच्या पुढे.

मिहिरने सात नंबरच्या वेळा वाचायच्या, तिने तिथी लिहायची. आठ-दहा ओळी झाल्या आणि मीही समजलो. ठिपका रोज पाऊण तास उशिरा निघत होता. संध्याकाळपर्यंत सरकत गेला की पुन्हा दुपारपासून सुरू. दहा घारी सूर्यावर चालत होत्या आणि अकरावी चंद्रावर.

"भरतीच्या पाण्यावर जाते-येते ती बोट," सेरा म्हणाली. "आता वार बघ."

मी वार पाहिले. सत्तावीस एप्रिल, चार मे, अकरा, अठरा. या चारही दिवशी सात नंबर धक्क्यावरून हललेला नव्हता. चारही रविवार. मेलेली घार रविवार पाळत होती.

धोंडूची बोट रविवारी पहिली जाते, म्हणजे ती नव्हे. उरले वेन आणि फ्लॉयड. सेराने वीस तारखेवर बोट ठेवलं. मंगळवार, अष्टमी, भरती सहाची. रोजच्या हिशेबाने ठिपका पाण्यावर असायला हवा होता. तो धक्क्यावरच होता. वेन त्या वेळी खाडीत होता, त्याचं इंजिन तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"बोट निघाली नाही," ती म्हणाली, "कारण बोटवाला क्रूसापुढे उभा राहून क्लेमेंटला परत आण म्हणून गात होता. आणि आम्ही त्याच्यामागून म्हणत होतो."

मिहिरने विचारलं, यातून एवढंच ठरतं ना की यंत्र फ्लॉयडच्या बोटीवर आहे? क्लेमेंट कुठे आहेत ते कसं कळणार?

सेराने त्याला सगळ्या रेघा एकावर एक दाखवायला सांगितल्या. सहा मेपर्यंत बोट शिंपल्यांच्या फाट्यातून जायची. तो खाडीतून बनाकडे जाणारा अरुंद, जवळचा रस्ता. भांगाच्या दिवसांत, पाणी पार कमी असताना, तेव्हाही तिथूनच. सात मेपासून एकदाही नाही. पुनवेच्या उधाणातही वीस मिनिटांचा वळसा घालून, बाहेरून.

"त्याला तिथून जाववत नाही," ती म्हणाली, आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं.

मी लगेच पोलिसांकडे जाऊ म्हणालो. तिने ऐकलं नाही. एक जूनपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढल्या जाणार, रेघ तिथेच संपणार. आणि कोर्टात तीस वर्षं काढलेल्या बाईला ठाऊक होतं की नुसत्या रेघेवरून वकील दहा शंका काढतो. माणूस स्वतः बोलला पाहिजे, चार माणसांसमोर. तिला अमावस्येपर्यंत थांबायचं होतं, फाटा काठोकाठ भरेपर्यंत.

६

सत्तावीस मे, सकाळचे अकरा. सेराने फ्लॉयडला सांगितलं होतं की लाँचला गर्दी आहे, आम्हाला तूच बोरिवलीच्या बाजूला सोड, आणि वाटेत जॅकलिनला ती होडी सापडली ती जागा बघायचीय. तो नाही म्हणू शकला नाही. बोटीत जॅकलिन, सेरा आणि मी. जॅकलिनला तिने काहीच सांगितलं नव्हतं, ते मला आवडलं नव्हतं आणि अजूनही आवडत नाही.

पाणी तिवरांच्या अर्ध्या खोडापर्यंत चढलं होतं. वारा नव्हता. इंजिनाच्या आवाजाखेरीज कसलाही आवाज नाही. वर खूप उंच घारी फिरत होत्या. मी त्या मोजल्या, कारण पाण्याकडे बघायचं नव्हतं.

जॅकलिन मोबाइल घेऊन बसली होती. सवयच झाली होती तिला. अचानक ती ताठ झाली. तिने आकाशात पाहिलं, पाण्यावर पाहिलं, मग माझ्याकडे मोबाइल वळवला. निळा ठिपका आमचा, आम्ही कुठे आहोत ते दाखवणारा. त्याच्यावर बरोबर बसलेला लाल ठिपका सात नंबरचा. त्याच्यामागची रेघ धक्क्यापासून आमच्याबरोबर आली होती.

"काका," ती मला म्हणाली, "पप्पा आपल्याबरोबर आहेत."

समोर शिंपल्यांच्या फाट्याचं तोंड आलं. फ्लॉयडने सुकाणू बाहेरच्या बाजूला वळवलं.

"फ्लॉयड, फाट्यातून घे," सेरा म्हणाली.

"पाणी नाय, आंटी. बोट बसेल."

"आज अमावस्या आहे."

त्याने सुकाणू सोडलं नाही. बोट बाहेरच जात राहिली.

"महिन्याभरापूर्वी अष्टमीच्या कमी पाण्यातही तू इथूनच जायचास. सात मेपासून का नाही जात?" ती उठली आणि डुगडुगत्या बोटीतून नाळेकडे गेली. लाकडी क्रूसाला तिने आधी हात जोडले, मग त्याच्या मागच्या बाजूला बोटं घातली. तिथे, काळ्या दोऱ्याने घट्ट बांधलेलं, काडेपेटीएवढं यंत्र होतं, उजेडाची पट्टी वर आणि तारेचा शेपटासारखा तुकडा क्रूसाला चिकटून. जॅकलिनने तो दोरा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. जाळं सांधताना तिचे वडील मारायचे तीच गाठ होती ती.

क्लेमेंटना आपली माणसं माहीत होती. आशीर्वाद दिलेल्या क्रूसामागे हात घालणारा माणूस या गावात जन्मला नव्हता, आणि चोरून सडकं मांस बनात नेऊन टाकणारा पुतण्याही त्याला अपवाद नव्हता. मार्चपासून तो पैसे घेऊन एका गोदामातलं खराब झालेलं मांस तिथे टाकत होता आणि त्यामुळेच घारी देवनार सोडून इकडे वळल्या होत्या, हे नंतर कळलं. ते मांस पुन्हा कुणी विकू नये म्हणून गोदामवाले त्यावर विषारी औषध शिंपडत. ते खाऊन सात नंबरची घार मेली. क्लेमेंटना संशय होता, खात्री हवी होती. खात्री झाल्यावर त्यांनी पोलीस गाठले नाहीत, पुतण्याला गाठलं.

फ्लॉयडने इंजिन बंद केलं. बोट हळूहळू फिरू लागली. मागून वेनची बोट येत होती, तिच्यात मिहिर आणि सेराने त्या सकाळी बोलावून घेतलेले चौकीचे इन्स्पेक्टर श्यामसुंदर होते, पण ते अजून लांब होते आणि मी बोटीची कड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. मला वाटलं आता हा आम्हाला पाण्यात लोटणार.

त्याने लोटलं नाही. तो खाली बसला.

"अंकल म्हणाले, तू स्वतः फादरला सांग, गावाला सांग, मग मी तुझ्या बाजूने उभा राहतो. मी म्हणालो नाय. त्यांनी माझा हात धरला. मी वल्हं मारलं." तो थांबला. "एकदाच."

"आणि मग?" सेराने विचारलं.

"नांगर बांधला."

जॅकलिनने फाट्याकडे बोट केलं. "तिथे आहेत पप्पा?"

त्याने होकारार्थी मान हलवली. वीस दिवस तो त्या तोंडावरून वळून जात होता आणि संध्याकाळी तिच्या ओटीवर बसून तिचं सांत्वन करत होता. मला राग यायला हवा होता. आला तो नंतर, रात्री, घरी पोचल्यावर. त्या वेळी मला फक्त थंडी वाजत होती, भर मे महिन्यात.

७

क्लेमेंटना तीन दिवसांनी बायकोच्या शेजारी मातीत ठेवलं. पेटी बंदच होती. धोंडू आणि शेवंती कब्रस्तानाच्या फाटकापाशी उभे होते, जॅकलिन स्वतः जाऊन त्यांना आत घेऊन आली. यंत्र पोलिसांच्या ताब्यात गेलं. मिहिरने सात नंबरचा ठिपका बंद केला, पण आधी जॅकलिनला विचारून.

संध्याकाळी सगळे क्रूसापुढे जमले. मेणबत्त्या लावल्या. वेनही आला, मागे भिंतीला टेकून उभा राहिला. मी हिंदू माणूस, मला त्यातलं काही येत नाही, म्हणून सेराच्या बाजूला नुसता उभा होतो.

मग कुणीच सुरुवात करेना. आधी मला कारण कळलं नाही. मग कळलं. गेली बारा वर्षं पहिली ओळ फ्लॉयड उचलायचा आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणायचे. दुसऱ्या कुणाला सुरुवात करायची सवयच नव्हती. माणसं एकमेकांकडे न बघता उभी होती. ब्रिजेट म्हातारीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मसाल्याचा वास, मेणाचा वास, आणि खाडीवरून पाणी उतरत असल्याचा बारीक आवाज.

जॅकलिन पुढे झाली. तिला गाता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तिने पहिली ओळ फार वरच्या सुरात उचलली, मधेच आवाज फाटला, ती थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली.

या वेळी मागून सगळ्यांनी तिला साथ दिली. वेननेही.